दिवाळी अंकाची डमी डिजिटल बोर्डवर: एआय सहायकाकडे कोणते काम सोपवावे?

पानजुळणी (दादर)

नमस्कार मंडळी. दादर, परळ आणि प्रभादेवी भागातील आम्ही काही हौशी माणसे मिळून एक छोटा दिवाळी अंक काढतो. संपादन, चित्रे, जाहिराती आणि मुद्रितशोधन ही सगळी कामे नोकऱ्या सांभाळून होत असल्यामुळे सर्वांनी एका खोलीत बसून डमी, म्हणजे अंकाचा पानवार कच्चा आराखडा, लावण्याची पद्धत मागे पडली आहे. आता संपूर्ण अंक आम्ही एका सामायिक डिजिटल बोर्डवर मांडतो. या बोर्डला आता एआय सहायक जोडलेला आहे, आणि त्याच्याकडे नेमके कोणते काम द्यावे यावर आमच्यात बरीच चर्चा सुरू आहे. आपल्यापैकी अनेक जण नाटक, चित्रकला, माहितीपट किंवा प्रकाशनाची कामे अशाच बोर्डवर करतात, म्हणून हा धागा काढत आहे.

प्रथम आमची मांडणी सांगते. बोर्डच्या डाव्या कडेला आलेला मजकूर असतो, प्रत्येक कथेला किंवा लेखाला एक कार्ड. उजवीकडे चित्रे, छायाचित्रे आणि जाहिराती असतात. मधल्या मोठ्या जागेत फॉर्मच्या ओळी असतात, एका ओळीत सोळा चौकटी. मुद्रणाशी संबंध नसलेल्या वाचकांसाठी थोडे स्पष्ट करते. आमचा अंक सोळा पानी फॉर्ममध्ये, म्हणजे घडी घातल्यावर सोळा पाने होणाऱ्या मोठ्या कागदावर, छापला जातो. कागदाच्या एका बाजूला आठ पाने आणि दुसऱ्या बाजूला आठ पाने येतात. पहिल्या फॉर्ममध्ये १, ४, ५, ८, ९, १२, १३ आणि १६ ही पाने एका बाजूला पडतात आणि उरलेली दुसऱ्या बाजूला. फॉर्मची एकच बाजू रंगीत छापायची असेल, तर रंगीत चित्रे या आठ पानांवरच यायला हवीत, आणि समोरासमोरची रंगीत जोडपाने म्हणून ४-५, ८-९ आणि १२-१३ एवढ्याच जागा मिळतात. म्हणून आमच्या बोर्डवर या आठ चौकटींना पिवळी छटा दिलेली आहे. डमी लावणाऱ्या माणसाच्या हे सगळे बोटांवर असते, परंतु ते कोठेही वाक्यात लिहिलेले नसते. फक्त ती पिवळी छटा असते.

यंदा आम्ही सहायकाला सगळी कार्डे दिली आणि क्रम सुचवायला सांगितला. त्याने सर्व मजकुराचे विषयवार गट केले: चाळींवरील लेख एकत्र, स्त्रियांच्या कथा एकत्र, कविता शेवटी. वाचताना ते व्यवस्थित वाटत होते. प्रत्यक्षात चार रंगीत छायाचित्रांचा निबंध त्याने ८-९ वरून ६-७ वर आणला, म्हणजे काळ्या-पांढऱ्या बाजूला. हा मुद्दा तांत्रिक म्हणून सोडून देता येईल, कारण तो नियम त्याला लिहून दिला की तो पाळेल. माझा खरा आक्षेप गटांना आहे. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून दिवाळी अंक हा मिश्र ऐवज आहे. दीर्घकथेनंतर वाचकाला श्वास घ्यायला एखादी कविता हवी असते, गंभीर लेखाच्या पाठीला पाठ लावून दुसरा गंभीर लेख आला तर दुसरा वाचला जात नाही, आणि एकाच विषयावरील दोन कथा मुद्दाम लांब ठेवल्या तर दोन्ही उजळतात. ही जुळवाजुळव म्हणजेच संपादन आहे, असे मी मानते.

माझे मत असे बनले आहे की बोर्डवर एखादी वस्तू कोठे ठेवली आहे हा निर्णय असतो, आणि निर्णय माणसाचेच असावेत. सहायकाने शोधावे, मोजावे, पडताळावे, उतरवून द्यावे. मात्र हलवू नये. आमच्या चमूतील काहींना ही भूमिका फार सोवळी वाटते. आपला अनुभव काय आहे, तो सविस्तर लिहावा ही विनंती.

प्रूफवाचक

ताई, आपल्या भूमिकेशी मी सहमत आहे, आणि मुद्रितशोधनाच्या बाजूने त्यात भर घालतो, कारण मराठी मजकुराच्या बाबतीत काही अडचणी अशा आहेत की ज्या इंग्रजी बोर्डवर काम करणाऱ्यांना जाणवतही नाहीत.

पहिली अडचण फॉन्टची. ज्येष्ठ लेखकांकडून आणि जुन्या टंकलेखकांकडून अजूनही युनिकोड, म्हणजे सर्व संगणकांवर सारखी चालणारी अक्षरपद्धत, येण्यापूर्वीच्या फॉन्टमधील फाइली येतात. ती फाइल त्यांच्या संगणकावर स्वच्छ मराठी दिसते, पण कार्डावर चिकटवली की रोमन अक्षरांची आणि चिन्हांची सरमिसळ होते. माणूस ते पाहताच थांबतो आणि फाइल रूपांतरित करून मागतो. सहायक मात्र अनेकदा थांबत नाही. तो शीर्षक, लेखकाचे नाव आणि जे दोन-चार शब्द लागतात त्यावरून अंदाज बांधतो आणि न वाचलेल्या कथेचा सुबक सारांश लिहून देतो. त्यामुळे बोर्डवर कार्ड लावण्यापूर्वी मजकूर युनिकोडमध्ये आहे की नाही हे माणसाने डोळ्यांनी पाहिले पाहिजे.

दुसरी अडचण लांबीची. देवनागरी चिन्हाला यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोड मजकूर साठवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत, तीन बाइट लागतात, साध्या रोमन अक्षराला एक, आणि सहायकामागील बहुतेक भाषा-प्रारूपांत तेवढाच आशय मराठीत लिहिला तर इंग्रजीपेक्षा जास्त टोकन, म्हणजे प्रारूप मजकूर ज्या तुकड्यांत मोजते ते, खर्च होतात. म्हणजे सहायकाच्या एका वेळच्या मर्यादेत मराठी मजकूर कमी मावतो. दीर्घकथा एकदम दिली की सारांशात सुरुवात ठसठशीत येते आणि शेवट धूसर होतो. कथा प्रकरणांप्रमाणे तोडून, प्रत्येक भागाचे वेगळे कार्ड करून दिल्यास फरक पडतो.

तिसरी अडचण मला सर्वांत गंभीर वाटते. 'शुद्धलेखन तपास' एवढेच सांगितले तरी सहायक भाषा बदलतो. संवादातील 'खंय गेल्लंस?' हे 'कुठे गेला होतास?' होते, 'ऱ्हस्व' आणि 'दऱ्या' यांतील र्‍याची जोडणी कधी मोडते, आणि एखाद्या लेखकाचे मुद्दाम तोडलेले वाक्य जोडून सरळ केले जाते. हे बदल तो वेगळे दाखवत नाही. दुरुस्त प्रत म्हणून संपूर्ण मजकूर पुन्हा लिहून देतो. म्हणून माझा आग्रह आहे की मूळ मजकुराच्या कार्डाला कुलूप लावावे आणि सहायकाकडून फक्त शंकांची यादी मागावी: पान, ओळ, मूळ शब्द, शंका. दुरुस्ती माणसाने मूळ प्रतीत करावी. अशा यादीचा उपयोग मात्र खरोखर होतो. एकाच अंकात 'रविवार' आणि 'रवीवार', किंवा एकाच व्यक्तीचे आडनाव दोन प्रकारे लिहिलेले असेल, तर तो ते चटकन पकडतो.

गिरणगावकर

आमचे काम अंकाचे नाही, मौखिक इतिहासाचे आहे, परंतु प्रश्न तोच आहे. बीडीडी चाळींतील जुन्या रहिवाशांच्या मुलाखतींचा आम्ही एक मोठा बोर्ड केला आहे. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी अशा चार वसाहतींचे चार पट्टे, आणि प्रत्येक पट्ट्यात इमारतीनुसार मुलाखतींची कार्डे. वरळीत पुनर्विकासातील पहिल्या घरांच्या किल्ल्या ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्या गेल्या, आणि जुन्या इमारती रिकाम्या होत असताना तिथल्या आठवणी वेळेत नोंदवून घेणे आम्हाला फार महत्त्वाचे वाटते.

ध्वनिलेखनात सहायकाने आमचे श्रम खूप वाचवले, हे प्रथम सांगितले पाहिजे. आजींचा तासभराचा आवाज कागदावर उतरवायला पूर्वी संपूर्ण रविवार जात असे. आता कच्चा मसुदा लगेच मिळतो आणि रविवार तो तपासण्यात जातो. मात्र मालवणी आणि वऱ्हाडी वळणाचे बोलणे तो प्रमाण मराठीत ओढतो, आणि बोलणारी व्यक्ती बराच वेळ गप्प राहिली तर त्या जागी न बोललेली वाक्ये येऊ शकतात. मुलाखतीत ती शांतताच अनेकदा सर्वांत महत्त्वाची असते. म्हणून प्रत्येक परिच्छेदासमोर आम्ही ध्वनिफितीतील वेळ लिहितो, आणि ज्याने ऐकून पडताळले त्याची आद्याक्षरे कार्डाच्या कोपऱ्यात असल्याशिवाय ते कार्ड राखाडी रंगातच राहते.

आता सारांशाचा एक प्रसंग सांगतो. दोन मुलाखतींत बीआयटी चाळींचा उल्लेख होता आणि बाकी सर्वांत बीडीडी चाळींचा. सहायकाने संपूर्ण बोर्डचा गोषवारा तयार करताना दोन्ही एकच समजल्या आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर बीडीडी चाळीत राहत होते, असे ठामपणे लिहिले. वस्तुतः मुंबई सुधार न्यास, म्हणजे बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट (बीआयटी), १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये स्थापन झाला, आणि परळच्या ज्या चाळीत बाबासाहेब अनेक वर्षे राहिले ती या ट्रस्टची. बीडीडी म्हणजे १९२० मध्ये स्थापन झालेले बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, आणि त्याच्या चाळी वेगळ्या. परळमध्ये वाढलेल्या कोणालाही ही चूक पटकन दिसेल, पण बाहेरच्या वाचकाला ती कधीच दिसणार नाही, कारण वाक्य अतिशय आत्मविश्वासाने लिहिलेले होते आणि खाली कोणत्या कार्डावरून ते घेतले याचा पत्ता नव्हता.

त्यानंतर आम्ही नियम केला की सहायकाने लिहिलेल्या प्रत्येक वाक्यामागे मूळ कार्डाचा क्रमांक असलाच पाहिजे, आणि क्रमांक नसलेले वाक्य न वाचता काढून टाकायचे. क्रमांक मागितल्यावर उत्तरे छोटी होतात आणि पडताळायला सोपी जातात. क्रमांक चुकीचाही असू शकतो, म्हणून ते कार्ड उघडून पाहणे टळत नाही, पण निदान कोठे पाहायचे ते कळते.

नेपथ्यकार

पानजुळणी ताईंच्या मूळ भूमिकेला मी थोडा विरोध नोंदवतो. मी प्रायोगिक नाटकांची आणि एकांकिकांची नेपथ्ये करतो. आमच्याकडेही बोर्ड असतो: संहितेतील प्रवेश वरच्या ओळीत, त्याखाली रंगमंचाचा आराखडा, त्याखाली प्रकाश, सामान आणि वेशभूषा. मी सहायकाला मांडणी सुचवायला मुद्दाम सांगतो, आणि दोन-तीन पूर्ण वेगळ्या मांडण्या मागतो.

त्या मांडण्या मी बहुतेक वेळा स्वीकारत नाही. परंतु प्रत्येक नाकारताना 'का नाही' हे मी त्याच्या शेजारी एका ओळीत लिहितो. 'दार उजवीकडे नको, कारण दुसऱ्या प्रवेशात आईला प्रेक्षकांना पाठ करून यावे लागेल.' 'पलंग मध्यभागी नको, कारण अंधार असताना दोघांना तो उचलून नेता येणार नाही.' ही कारणे माझ्या मनात आधीपासून असतात, पण ती दिग्दर्शकाला आणि नव्या सहकाऱ्यांना दिसत नसतात. चुकीची मांडणी समोर आली की ती बाहेर येतात. ताईंच्या छायाचित्र-निबंधाचेही तसेच झाले. सहायकाने तो ६-७ वर नेला म्हणूनच पिवळ्या चौकटींचा नियम आज या धाग्यावर पहिल्यांदा सविस्तर लिहिला गेला, आणि तो त्यांच्या चमूतील नव्या मुलांना आयता मिळाला.

एक सावधगिरी मात्र मीही बाळगतो. सहायकाकडून तयार केलेली नेपथ्याची चित्रे मी मुख्य बोर्डवर ठेवत नाही. ती फार देखणी असतात आणि त्यांत विंगा नसतात, छताला उंचीची मर्यादा नसते, जिना कोठे संपतो ते कळत नाही. एकदा दिग्दर्शकाच्या डोळ्यांत ते चित्र बसले की शिवाजी मंदिरच्या रंगमंचावर आणि महाविद्यालयाच्या सभागृहातल्या लहान मंचावरही त्याला तेच हवे असते. मापाचा आराखडा आणि असे चित्र शेजारी ठेवले तर चित्र नेहमी जिंकते.

पानजुळणी (दादर)

नेपथ्यकार, आपला मुद्दा मला पटला, आणि 'हलवू नये' हे माझे वाक्य मी थोडे बदलते. सहायकाने वेगळ्या जागेत सुचवावे, मूळ मांडणीला हात लावू नये. यासाठी आम्ही बोर्डच्या तळाशी एक स्वतंत्र चौकट करू. तिथले कार्ड वर आणायचे असेल तर ते माणसानेच ओढून आणावे, आणि आणताना त्यावर आपले नाव व कारण लिहावे. नाकारलेल्या सूचनाही कारणासह तिथेच राहतील. पुढच्या वर्षी नवीन सहसंपादक येईल तेव्हा त्याला सर्वांत आधी ती चौकट वाचायला देता येईल.

तरीही क्रमाबद्दल माझा आग्रह कायम आहे. नाटकात मांडणी चुकली तर तालमीत नटाच्या पायाला ते कळते. अंकाचा क्रम चुकला तर कोणीच तक्रार करत नाही. वाचक फक्त मधले दोन लेख न वाचता पुढे जातो. तालमीसारखी कसोटी आमच्याकडे नसल्यामुळे तो निर्णय ज्याने सगळा मजकूर शेवटपर्यंत वाचला आहे त्यानेच घ्यावा.

गिरणगावकर, कार्डाच्या क्रमांकाचा नियम आम्ही आजपासून लागू करत आहोत. मनापासून आभार.

कॅनव्हासप्रेमी (ठाणे)

मी सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात आहे, म्हणून सहायकाला बोर्ड 'दिसतो' म्हणजे नेमके काय होते ते सांगतो. त्यावरून आपल्या बऱ्याच अनुभवांचा उलगडा होईल.

आपण बोर्ड पाहतो तेव्हा जवळीक, रांग, रंग आणि मोकळी जागा हे सगळे एकदम जाणवते. सहायकाकडे मात्र बहुतेक वेळा वस्तूंची यादी जाते: या कार्डात हा मजकूर, त्या कार्डात तो. मिरो किंवा फिगजॅमसारख्या डिजिटल बोर्डच्या साधनांत आपण निवडलेल्या वस्तूंवरच तो बहुधा काम करतो, म्हणजे निवडीबाहेरची पिवळी छटा त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. ऑब्सिडियन या टिपणे ठेवण्याच्या साधनातील कॅनव्हासमध्ये, म्हणजे त्याच्या बोर्डमध्ये, हे उघडपणे पाहता येते, कारण त्याची फाइल साध्या मजकुराची असते आणि ते स्वरूप २०२४ मध्ये जेसन कॅनव्हास या नावाने सर्वांसाठी खुले केले गेले. त्या फाइलीत प्रत्येक कार्डाची आडवी व उभी जागा, रुंदी, उंची आणि रंग आकड्यांत लिहिलेले असतात, आणि बाणांची वेगळी नोंद असते. गंमतीची नव्हे, फार महत्त्वाची गोष्ट अशी की एखादे कार्ड कोणत्या गटात आहे हे तिथे लिहिलेले नसते. गटाच्या चौकटीची जागा आणि कार्डाची जागा यांची तुलना करूनच ते समजते. आपण डोळ्यांनी एका क्षणात जे पाहतो, ते सहायकाला बेरीज-वजाबाकी करून काढावे लागते, आणि तसे स्पष्ट सांगितले नाही तर तो ते काढतही नाही.

यावर उपाय साधा आहे. जी गोष्ट जागेतून किंवा रंगातून सांगितली आहे ती कार्डाच्या मजकुरातही लिहा. ताईंच्या छायाचित्र-निबंधाच्या कार्डावर पहिली ओळ अशी असावी: 'फॉर्म १, पाने ८-९, रंगीत बाजू, जागा पक्की.' बाणालाही नाव द्या. नुसता बाण 'याच्यानंतर ते' सांगतो की 'याचे चित्र ते' सांगतो, हे माणसालाही महिन्यानंतर आठवत नाही. एवढे केल्यावर सहायकाला जी कामे उत्तम जमतात ती म्हणजे तपासणीची. कोणत्या कथेला अजून चित्र नाही? कोणते पान दोघांना दिले गेले आहे? जाहिरातींची पाने आणि मजकुराची पाने मिळून बेरीज सोळाच्या पटीत येते का? कोणत्या लेखकाचा परिचय आलेला नाही? या प्रश्नांची उत्तरे पडताळता येतात आणि ती दर आठवड्याला लागतात. बेरीज मात्र हिशेबाच्या तक्त्यात एकदा करून घ्या, कारण भाषा-प्रारूपाची आकडेमोड चुकू शकते.

लोकलवाला (डोंबिवली)

एक व्यावहारिक गोष्ट कोणीच मांडली नाही म्हणून लिहितो. आमच्या गटातील निम्मे लोक बोर्ड फक्त मोबाइलवर पाहतात, तेही सकाळच्या गाडीत एका हाताने दांडी धरून. संगणकावर सुंदर दिसणारा मोठा बोर्ड त्या पडद्यावर मुंग्यांच्या रांगेसारखा दिसतो. एखादे कार्ड मोठे केले तर शेजारी काय आहे ते जाते, आणि सगळे पाहायला गेले तर अक्षर लागत नाही. म्हणजे ज्या जवळिकीसाठी बोर्ड केला तीच मोबाइलवर नाहीशी होते.

इथे सहायकाचा आम्हाला खरा आधार वाटतो. दररोज रात्री तो त्या दिवशी बदललेल्या कार्डांची साधी यादी करतो आणि ती आमच्या व्हॉट्सॲप गटावर कोणीतरी एक जण वाचून मग टाकतो. काय हलले, कोणी हलवले, कोणाकडून काय येणे बाकी आहे, एवढेच. यादी लहान ठेवण्याची आणि मत न देण्याची सूचना त्याला दिलेली आहे. प्रवासात माणसे यादीवर उत्तर देतात आणि संध्याकाळी घरी संगणक असलेले दोघे-तिघे ते बोर्डवर नेतात.

रेखाटनवही

मी चित्रकार आहे आणि काही दिवाळी अंकांसाठी कथाचित्रे काढते. माझी विनंती सर्व संपादकांना आहे, आणि ती मी कळकळीने करत आहे. चित्राच्या रिकाम्या चौकटीत सहायकाकडून तयार केलेले 'तात्पुरते' चित्र ठेवू नका.

कथा वाचल्यावर चित्रकाराच्या मनात पहिले जे उमटते ते फार नाजूक असते. बोर्ड उघडताच त्या जागी आधीच एक पूर्ण रंगवलेली बाई खिडकीत उभी असेल, तर मला माझी बाई दिसत नाही. तिची साडी कोणत्या पद्धतीची, खिडकीला लाकडी कठडा आहे की लोखंडी गज, बाहेर गॅलरी आहे की रस्ता, हे मी कथेतून शोधायला हवे होते. त्या तयार चित्रांत बहुधा कोणत्याच गावची नसलेली साडी आणि कोणत्याच चाळीची नसलेली खिडकी असते. मी एका कथेसाठी नायगावच्या चाळीतील सामायिक गॅलरी पाहायला गेले होते. तिथे दोरीवरच्या कपड्यांखालून वाकून जावे लागते, आणि त्यामुळे तिथली माणसे चालताना डोके किंचित झुकवतात. त्या एका झुकण्यावर माझे सगळे चित्र उभे राहिले. संपादकाने चौकटीत चित्राऐवजी कथेतील एक वाक्य लिहून ठेवले, तर मला ते पुरते.

संदर्भचित्रांबद्दलही सांगते. मूडबोर्डवर, म्हणजे कल्पना सुचण्यासाठी चित्रे लावलेल्या फलकावर, लोक कोठूनही छायाचित्रे आणून चिकटवतात, आणि सहायकाला 'अशी आणखी शोध' म्हटले की तोही भर घालतो. ती पाहण्यासाठी आहेत, छापण्यासाठी नाहीत, हा फरक शेवटच्या धावपळीत पुसला जातो. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार छायाचित्रावरचा हक्क छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो, आणि साहित्यकृतीवरचा लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे. गिरण्यांच्या संपाची, म्हणजे १९८२ ची छायाचित्रे जुनी दिसतात म्हणून मोकळी झालेली नाहीत. प्रत्येक संदर्भचित्राच्या कार्डावर ते कोठून घेतले आणि 'छापायचे नाही' हे पहिल्याच दिवशी लिहावे, आणि अशी कार्डे पानांच्या ओळींपासून पूर्ण वेगळ्या बोर्डवर असावीत.

प्रूफवाचक

रेखाटनवही ताईंच्या मुद्द्याला जोडून लेखकांबद्दल बोलले पाहिजे. लेखकाने कथा आपल्याकडे विश्वासाने पाठवलेली असते आणि ती अजून प्रसिद्ध झालेली नसते. ती बोर्डवर ठेवणे म्हणजे चमूला वाचायला देणे. ती सहायकाला देणे म्हणजे बाहेरच्या कंपनीच्या यंत्रणेत पाठवणे. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. सेवेच्या अटींत त्या मजकुराचा वापर प्रशिक्षणासाठी होतो की नाही हे पाहावे, तशी परवानगी बंद करता येत असेल तर करावी, आणि साहित्य मागवण्याच्या पत्रातच लेखकाला विचारावे. ज्यांनी नकार दिला त्यांची कार्डे वेगळ्या बोर्डवर ठेवली की चुकून निवडली जाणार नाहीत. मुलाखतींच्या बाबतीत तर गिरणगावकरांना हे आणखी काटेकोरपणे पाहावे लागेल, कारण तिथे माणसांची नावे, खोल्यांचे क्रमांक आणि घरातील भांडणेही असतात.

गिरणगावकर

आपण म्हणता ते अगदी बरोबर आहे. आम्ही मुलाखतीपूर्वी जी संमती घेतो तिच्यात आता ध्वनिलेखनाचा वेगळा प्रश्न घातला आहे, आणि तो वाचून न दाखवता समजावून सांगतो. काही आजोबांनी 'माणसानेच लिहून घ्या' असे सांगितले. त्यांच्या ध्वनिफिती आम्ही हातानेच उतरवत आहोत, आणि त्या उतरवताना आम्हाला अधिक ऐकू येते, हेही नमूद करतो.

पानजुळणी (दादर)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. लेखकांना पाठवायच्या पत्रात संमतीचा परिच्छेद आजच घालत आहे, आणि चित्रांच्या चौकटींतून तात्पुरती चित्रे काढून त्या जागी कथेतील वाक्ये लिहायला आमच्या सहसंपादकांनी सुरुवातही केली आहे.

कॅनव्हासप्रेमी यांना एक प्रश्न आहे. अंक छापून झाल्यावर हा बोर्ड आम्हाला पुढील वर्षांसाठी जपायचा आहे, विशेषतः नाकारलेल्या सूचनांची चौकट. तो कोणत्या स्वरूपात ठेवावा?

कॅनव्हासप्रेमी (ठाणे)

ताई, बोर्ड ज्या सेवेवर आहे तिथेच तो राहील असे धरून चालू नका. गूगलचा जॅमबोर्ड हा डिजिटल फलक ३१ डिसेंबर २०२४ रोजी बंद झाला. आधी तो फक्त पाहण्यापुरता ठेवला होता आणि मग तेही संपले.  त्यामुळे दोन प्रकारच्या प्रती ठेवा. एक संपूर्ण बोर्डची पीडीएफ, म्हणजे कोणती गोष्ट कोठे होती ते दिसेल. ती काढताना बोर्ड फॉर्मनुसार वेगळ्या चौकटींत विभागा, नाहीतर एकाच पानावर सगळे आकुंचन पावते आणि मराठी जोडाक्षरे वाचता येत नाहीत. दुसरी प्रत कार्डांच्या मजकुराची, साध्या तक्त्याच्या फाइलीत: कार्ड क्रमांक, मजकूर, जागा, कोणी ठरवले, कारण. तक्ता उघडताना देवनागरीऐवजी विचित्र चिन्हे दिसली तर घाबरू नका. फाइल उघडताना यूटीएफ-८ निवडले की ती नीट होते.

आणि हे काम अंक छापखान्यात गेला त्याच आठवड्यात करा. दिवाळीनंतर चमू विखुरतो, सशुल्क खाते कोणीतरी बंद करते, आणि बोर्डचा मालक म्हणून ज्याचे नाव आहे त्याचा ईमेलही बदललेला असू शकतो. मालकी दोघांच्या नावावर आताच करून ठेवा.